खेळण्यातलं विमान आणि रेजिनाल्ड डेनी



विमानाचा विषय निघाला की वर्गात आपण राइट बंधूंचं नाव घेतो. मुलांना ते पाठच असतं. पण आज ज्या विमानासाठी मुलं दुकानासमोर हट्ट धरून उभी राहतात, ते रिमोटवर उडणारं छोटं विमान कुठून आलं, हे आपण फारसं विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी शाळा सुटताना मला थांबवलं. मुलगा रिमोटचं विमान मागतोय, घेऊन द्यावं का, आणि घ्यायचंच तर तयार घ्यावं की जोडायचं घ्यावं, असा त्यांचा प्रश्न होता. मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी येऊन मात्र वाचत बसले, आणि वाचता वाचता रेजिनाल्ड डेनी हा माणूस भेटला.

डेनी हे व्यवसायाने नट. इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्या जुन्या लोकांना त्यांचा चेहरा नक्की आठवेल, पण विमानांशी असलेलं त्यांचं नातं फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून आज त्यांचं चरित्र तुमच्यासाठी.

जन्म आणि बालपण

रेजिनाल्ड डेनी यांचा जन्म २० नोव्हेंबर १८९१ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात रिचमंड या गावी झाला. घराण्याचं मूळ आडनाव वेगळं होतं, पण वडील रंगभूमीवर डब्ल्यू. एच. डेनी या नावाने प्रसिद्ध होते आणि मुलानेही तेच आडनाव लावलं. वडील गाणारे नट. लंडनच्या डॉयली कार्ट या नामांकित संगीत नाटक मंडळीत त्यांनी कामं केली होती. आपल्याकडे किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी होत्या ना, तसंच वातावरण समजा. घरात तालमी, पेटीवर सूर आणि सतत प्रवास. अशा घरातलं मूल सात-आठ वर्षांचं होता होताच रंगमंचावर उभं राहिलं, यात नवल नाही.

शाळेत मात्र या मुलाचं मन लागलं नाही. सोळा वर्षांचा असताना तो शाळेतून पळाला आणि मुष्टियुद्ध शिकायला लागला. (हा भाग परिपाठात सांगू नका हं. माझ्या वर्गात सांगितला तर दुसऱ्या दिवशी दोघं तिघं तरी हाच दाखला देतील!) गंमत बाजूला ठेवू, पण एक गोष्ट खरी. या माणसाला हाताने करायच्या गोष्टींची ओढ होती आणि ती पुढे आयुष्यभर टिकली.

१९११ मध्ये ‘द क्वेकर गर्ल’ या संगीत नाटकाबरोबर ते पहिल्यांदा अमेरिकेला गेले. त्यानंतर बँडमन ऑपेरा कंपनीत गायक म्हणून दाखल झाले आणि कंपनीच्या दौऱ्याबरोबर भारतात आले. बँडमन हे नाव मुंबईकरांना परकं वाटायला नको. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस ज्यांनी उभारलं, त्या दोघांपैकी एक हे मॉरिस बँडमन. दुसरे जहांगीर फ्रामजी काराका. जिथे पुढे मराठी संगीत नाटकांचे सूर घुमले, ते थिएटर याच बँडमन यांच्या कल्पनेतून उभं राहिलं. डेनी यांनी कंपनीतल्याच आयरिन हेस्मन या अभिनेत्रीशी जानेवारी १९१३ मध्ये कलकत्त्यात लग्न केलं.

युद्ध आणि विमान

पहिलं महायुद्ध पेटलं. १९१७ मध्ये डेनी इंग्लंडला परतले आणि रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या विमानदलात भरती झाले. तिथे त्यांना निरीक्षक आणि तोफची, म्हणजे गनर, म्हणून तयार करण्यात आलं. त्या काळातलं दोन जणांचं विमान डोळ्यांसमोर आणा. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, वर छप्पर नाही. पुढे वैमानिक, मागे मशीनगन घेऊन बसलेला गनर. हलणाऱ्या जागेवरून हलणाऱ्या लक्ष्यावर नेम धरायचा. चालत्या एसटीच्या खिडकीतून धावत्या सायकलच्या घंटीवर खडा मारून बघा, म्हणजे थोडी कल्पना येईल. (खरोखर मारू नका.) हे काम किती अवघड आहे, ते डेनी स्वतः शिकले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

युद्धानंतर ते पुन्हा अमेरिकेत गेले आणि मूकपटांत शिरले. १९२२ च्या सुमाराला ‘द लेदर पुशर्स’ ही मुष्टियोद्ध्याची चित्रपटमालिका गाजली. सोळाव्या वर्षी शाळेतून पळून जे शिकले, ते इथे कामाला आलं. युनिव्हर्सल कंपनीच्या विनोदी चित्रपटांत ते नायक झाले. नाव झालं, पैसा आला, आणि पैसा आल्यावर त्यांनी काय केलं असेल? विमान घेतलं! युद्धातलं सॉपविथ स्नाइप जातीचं विमान त्यांच्याकडे होतं. हॉलिवूडमध्ये ‘थर्टीन ब्लॅक कॅट्स’ नावाचा हवाई कसरती करणाऱ्यांचा एक धाडसी गट होता, त्यांच्याबरोबर डेनी उडत असत. हॉवर्ड ह्यूज यांच्या ‘हेल्स एंजल्स’ (१९३०) या चित्रपटासाठी त्यांनी आपलं स्नाइप वापरायला दिलं.

तेवढ्यात बोलपट आले. मूकपटात प्रेक्षक डेनींना अगदी अमेरिकन तरुण समजत होते. तोंड उघडलं तर उच्चार पक्के इंग्लिश! नायकाच्या भूमिका गेल्या. नायकाचा मित्र, सज्जन गृहस्थ, घरचा कारभारी अशा दुय्यम भूमिका वाट्याला येऊ लागल्या. वय चाळिशीकडे झुकलेलं. अशा वळणावर माणसं कडवट होतात. डेनींच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक, पण याच काळात, १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ते लहान मुलांच्या खेळण्यातल्या विमानांच्या नादी लागले.

हॉलिवूडमधलं दुकान

१९३४ मध्ये भागीदारांबरोबर त्यांनी रेजिनाल्ड डेनी इंडस्ट्रीज ही कंपनी काढली आणि हॉलिवूडमध्ये मॉडेल विमानांचं दुकान उघडलं. सिनेमातला नट खेळण्यांच्या दुकानात! पण दुकान नुसतं नावापुरतं नव्हतं.

काळ बघा. अमेरिकेत महामंदी होती, लोकांचे रोजगार गेले होते. दुसऱ्या बाजूला १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी एकट्याने अटलांटिक महासागर पार केल्यापासून तिथल्या पोरांना विमानाचं वेड लागलं होतं. खरं विमान कुणाला परवडणार? पण दहा सेंटला एक छोटं किट मिळायचं. एका लांबट खोक्यात बाल्साच्या काड्या, छापलेला आराखडा, पातळ टिश्यू कागद आणि रबर. तयार काहीच नाही. विमान त्या खोक्यात नसायचं, ते मुलाला करावं लागायचं.

ते कसं करायचे, हे मी थोडं सविस्तर सांगते, कारण मला वाटतं आपल्या कार्यानुभवाच्या तासाला यातलं बरंच जमण्यासारखं आहे.

आराखडा लाकडी फळीवर पसरायचा आणि त्यावर मेणकागद ठेवायचा, म्हणजे डिंक आराखड्याला चिकटत नाही. मग बाल्साच्या बारीक काड्या रेघेवर रेघ जुळवून टाचण्यांनी अडकवायच्या. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड, हातात घेतलं तर वजनच जाणवत नाही, आणि ब्लेडने कापता येतं. सांध्यांवर डिंकाचा एकेक थेंब टाकायचा. विमानाच्या अंगाच्या दोन बाजू अगदी सारख्या हव्यात, म्हणून एकावर एक ठेवून बांधायच्या. त्या वाळल्या की मधे आडव्या काड्या लावून पेटी उभी करायची. पंखाच्या फासळ्या पातळ फळीतून कापायच्या. वरून टिश्यू चिकटवायचा आणि त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. वाळताना कागद आक्रसतो आणि ढोलकीसारखा ताणून बसतो. त्यावर ‘डोप’ नावाच्या रोगणाचा हात द्यायचा. शेवटी आतून रबर लावायचं, पंख्याला जोडायचं आणि पीळ भरायचा. जाणती पोरं रबराला साबण आणि ग्लिसरीन चोळायची, म्हणजे ते तुटत नाही आणि जास्त पीळ घेतं.

आणि मग खरी परीक्षा. हातातून सुटल्यावर या विमानावर कुणाचा ताबा नाही. रिमोट नाही, दोरी नाही. म्हणून ते सरळ उडण्याची सगळी सोय ते बांधतानाच करावी लागते. पंखांची टोकं मधल्या भागापेक्षा थोडी वर उचललेली असतात, ती याचसाठी. विमान एका बाजूला कललं की त्या बाजूचा पंख जास्त उचल घेतो आणि तोल परत येतो. शेपटी नाक वरखाली होऊ देत नाही. आणि वजनाचा मध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर यावा लागतो. दोन बोटांच्या टोकांवर विमान तोलून हे तपासता येतं.

मी हे वर्गात थर्माकोलच्या ताटलीतून कापलेल्या विमानावर करून पाहिलं. पहिल्या दिवशी एकाही मुलाचं विमान नीट गेलं नाही. वर उसळायचं, अडखळायचं आणि शेपटीवर आदळायचं. मग मातीची सुपारीएवढी गोळी नाकाला लावली. एकदम नाकावर आपटलं. गोळी निम्मी केली, तसं विमान मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपर्यंत तरंगत गेलं. त्या दिवशी वजनाच्या मध्याची व्याख्या मी फळ्यावर लिहिलीच नाही. एरवी वर्गात गप्प बसणारी एक मुलगी सगळ्यांच्या गोळ्या कमीजास्त करून देत फिरत होती.

डेनी या छंदात वरवर उतरले नव्हते. रबराच्या पुढे जाऊन पेट्रोलवर चालणारी छोटी इंजिनं तेव्हा येऊ लागली होती. वॉल्टर रायटर नावाचे एक हुशार कारागीर डेनींना मिळाले. त्यांच्या इंजिनाला ‘डेनीमाइट’ हे नाव मिळालं आणि विमानाच्या किटला ‘डेनीप्लेन’. या इंजिनाची क्षमता जेमतेम ९ घन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे औषधाचे दोन लहान चमचे. पण त्यात मोटारसायकलच्या इंजिनासारखीच ठिणगीची व्यवस्था. त्यासाठी लागणारी कॉइल आणि बॅटऱ्या हे सगळं ओझं विमानानेच वाहायचं. रबराचं विमान दमलं की खाली येतं. इंजिनाचं विमान पेट्रोल असेपर्यंत वर जातच राहतं, वाऱ्यावर भरकटतं, आणि आठवडे खपून बांधलेलं विमान डोळ्यांदेखत दिसेनासं होतं. म्हणून टाकीत मोजकंच पेट्रोल घालायचे.

आता तुमच्या मनात जे आलं तेच तेव्हा अनेकांच्या मनात आलं असणार. हे विमान वर गेल्यावर त्याला वळवता आलं तर?

रेडिओ

आज रिसीव्हर काडेपेटीपेक्षा लहान असतो. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते. काचेचे व्हॉल्व्ह, त्यांना लागणाऱ्या जड बॅटऱ्या, आणि इंजिनाच्या थरथरीने सारखे निखळणारे सांधे. असं सगळं हवेत न्यायचं, तर विमान मोठं हवं. मिशिगनमधल्या विल्यम आणि वॉल्टर गुड या जुळ्या भावांनी १९३७ च्या सुमाराला सुमारे आठ फूट पंखांचं ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. ते आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. छंद म्हणून रेडिओचं विमान उडवणाऱ्यांत या भावांचं नाव पहिल्या रांगेत घ्यावं लागेल.

डेनींचा रस्ता वेगळा होता. त्यांना आपली गनरची जागा आठवत होती, असं मला वाटतं. सैन्यातले विमानविरोधी तोफा चालवणारे जवान तेव्हा सराव कसा करायचे? खरं विमान मागे लांब तारेला कापडी नळी बांधून ओढत न्यायचं आणि जवान त्या कापडावर गोळ्या झाडायचे. नळी सरळ आणि संथ जाणार. शत्रूचं विमान काही तसं येत नाही! शिवाय पुढच्या विमानात माणूस बसलेला असतो. नेम चुकला तर? माणूस नसलेलं, वळणं घेणारं छोटं विमान मिळालं, तर हे दोन्ही प्रश्न सुटतात.

१९३५ मध्ये डेनींनी पहिलं नमुन्याचं विमान तयार केलं. ते लगेच कुणी विकत घेतलं नाही. मग १९३८ ला दुसरं, १९३९ ला तिसरं आणि चौथं. चार-पाच वर्षं नुसते नमुने! दिवसा शूटिंग, बाकी वेळ हे. १९४० मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘रिबेका’ आला. त्यात डेनी जमीनदाराच्या विश्वासू कारभाऱ्याच्या भूमिकेत आहेत, शांत, सभ्य, जरा मागे उभे राहणारे. त्याच वर्षी अमेरिकी सैन्याने त्यांच्याकडे ५३ विमानांची मागणी नोंदवली आणि रेडिओप्लेन नावाची कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी सुधारलेल्या नमुन्यासाठी त्याहून खूप मोठी मागणी आली. तो नमुना म्हणजे ओक्यू-२.

या ओक्यू-२ चे आकडे मुलांना सांगण्यासारखे आहेत. पंखांची लांबी सुमारे ३.७ मीटर, वजन सुमारे ४७ किलो, म्हणजे आपल्या दहावीतल्या एखाद्या मुलाएवढं. इंजिन ६ अश्वशक्तीचं, घरच्या स्कूटरपेक्षाही कमी. वेग ताशी १३७ किलोमीटरपर्यंत. नाकावर दोन पंखे, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. असं का? एकच पंखा असेल तर तो एका दिशेने फिरताना विमानाला उलट दिशेने पिळतो. दोन विरुद्ध फिरले की पीळ एकमेकांत जिरतो. उडवायचं ते मोठ्या गलोलीसारख्या यंत्रावरून. खाली उभा राहिलेला माणूस रेडिओच्या पेटीवरून ते वळवायचा, आणि उड्डाण संपलं की पॅराशूट उघडून ते खाली यायचं. गोळ्या लागलेल्या नसतील तर पुन्हा उडवता यायचं.

दुसऱ्या महायुद्धात रेडिओप्लेनने अशी जवळपास १५,००० विमानं बनवली. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस इथल्या कारखान्यात शेकडो हात राबत होते, त्यात बायका पुष्कळ. नॉर्मा जीन डोहर्टी नावाची एक तरुण मुलगी तिथे पॅराशूट तपासायची आणि विमानांवर डोपचा फवारा मारायची. तोच डोप, जो पोरं आपल्या टिश्यूच्या विमानांना लावत होती. युद्धाच्या शेवटच्या काळात डेव्हिड कॉनोव्हर हा सैन्याचा छायाचित्रकार कारखान्यात कामगार स्त्रियांचे फोटो काढायला आला. त्याला पाठवणारा अधिकारी होता रोनाल्ड रेगन, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. हातात विमानाचा पंखा धरलेल्या नॉर्मा जीनचे फोटो निघाले आणि तिला मॉडेलिंगची कामं मिळू लागली. तिलाच नंतर जग मेरिलिन मन्रो म्हणून ओळखू लागलं. त्या कारखान्याचं नाव आज कुठे छापून आलं, तर बहुतेक वेळा तिच्यामुळेच येतं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं.

हे चरित्र वर्गात सांगायचं ठरवलं तेव्हा मी या ठिकाणी अडले. मुलांच्या खेळण्यापासून निघालेला प्रवास तोफेच्या नेमापाशी पोचला. ही १५,००० विमानं कशासाठी होती? गोळ्या खाण्यासाठी. त्यांनी कुणाचा जीव घेतला नाही हे खरं. उलट सरावात एखाद्या वैमानिकाचा जीव त्यांनी वाचवला असेल. पण त्यांच्यावर नेम शिकलेल्या तोफा पुढे खऱ्या माणसांवर चालल्या, हेही तितकंच खरं. आणि आज बातम्यांत ‘ड्रोन’ हा शब्द आला की पाठोपाठ काय येतं, ते आपली चौथीतली मुलंसुद्धा जाणतात. डेनींच्या कामाची एक वाट सरळ तिथपर्यंत जाते. मग हे झाकून फक्त छंदाची गोड गोष्ट सांगावी का? मी सगळं सांगितलं. एका मुलाने विचारलं की ज्या काकांनी ती विमानं बांधली त्यांना ती पडताना वाईट वाटत असेल का. मला उत्तर देता आलं नाही. वर्ग बराच वेळ त्यावर बोलत राहिला आणि गणिताचा तास बुडाला. तुमच्या वर्गात तुम्ही काय कराल ते जरूर ठरवा, पण हा भाग गाळू नका असं मला वाटतं.

अखेरची वर्षं

युद्ध संपलं. १९५२ मध्ये नॉर्थ्रॉप या मोठ्या विमान कंपनीने रेडिओप्लेन विकत घेतली. डेनी अभिनय करतच राहिले. १९४८ च्या ‘मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाऊस’ मध्ये ते घराचे आराखडे काढणारे वास्तुविशारद झाले. १९५६ च्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ मध्ये तर ते चक्क मुंबईचे पोलीस इन्स्पेक्टर आहेत! तरुणपणी नाटक मंडळीबरोबर भारतात फिरलेला माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पडद्यावर मुंबईचा अधिकारी म्हणून दिसतो. तो चित्रपट मिळाला तर मुलांबरोबर बघा, आणि त्यांना शोधायला सांगा.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो राहूनच गेला. मी त्यांना नंतर सांगितलं ते असं. आधी थर्माकोल किंवा फोमशीटचं साधं तरंगणारं विमान मुलाबरोबर बसून करा, खर्च शंभर रुपयांच्या आत. ते सरळ जायला लागलं की रबराचं करा. त्यानंतरही मुलाची आस टिकली, तर जोडायचं किट घ्या, ज्यात मोटर, बॅटरी, रिसीव्हर आणि पंखांचे पडदे हलवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरी वेगवेगळ्या येतात. तयार विमान पहिल्याच दिवशी झाडाला धडकतं, आणि आत काय आहे ते माहीत नसल्यामुळे कपाटावर जाऊन बसतं. स्वतः जोडलेलंही धडकतंच, पण ते संध्याकाळी दुरुस्त होतं. बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका. विमानतळाजवळ उडवू नका. २०२१ चे ड्रोन नियम एकदा वाचा. मोकळं मैदान, सकाळची वेळ, वारा कमी, आणि पहिल्या दिवशी गवत जितकं उंच तितकं बरं.

वडील म्हणाले की, मला तर यातलं काहीच येत नाही. म्हटलं, मलाही येत नव्हतं. डेनी यांनी दुकान काढलं तेव्हा तेही बेचाळीस वर्षांचे होते.

१९६६ च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटात डेनी कमोडोर श्मिडलॅप या म्हाताऱ्या नाविकाच्या भूमिकेत दिसतात. १६ जून १९६७ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचं निधन झालं. जन्म झाला त्याच रिचमंड गावी, इंग्लंडमध्ये. अंत्यसंस्कार मात्र अमेरिकेत, हॉलिवूड हिल्सच्या टेकडीवर झाले. व्हॅन नाइसचा तो कारखाना तिथून फार दूर नव्हता.